शेवळ : ‘दुष्काळी वनस्पती’ या नावामागचा इतिहास

१/ अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्याचे डांगाण आहे. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की तिथल्या झाडोऱ्याच्या कडेला जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर येऊ लागतात. सोबत पान नसते, फांदीही नसते. हा कोंब म्हणजे एका बहुवर्षायू रानकंदाचे फूल. त्याचे नाव शेवळ. ते उमलण्याआधीच खुडले जाते आणि त्याची भाजी होते.

२/ एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी दफ्तराने रानातून येणाऱ्या अशा अन्नाला एक शीर्षक दिले : ‘दुष्काळात व टंचाईत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पती’. शेवळ मात्र सुकाळातही येते, दुष्काळातही येते आणि दोन्ही वर्षी खाल्ले जाते. मग हे शीर्षक आले कुठून? त्याने काय दाखवले आणि काय झाकले? या धाग्याचा विषय तोच.

३/ आधी वनस्पतीची ओळख. शेवळ हे सुरणाचे रानटी भावंड. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाइनरिश शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचे शास्त्रीय वर्णन केले. १८७९ मध्ये अडॉल्फ एंगलर यांनी तिला सुरणाच्या प्रजातीत आणले आणि ‘अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस’ हे आजचे नाव रूढ झाले. सह्याद्रीच्या रांगांबाहेर ती सहसा आढळत नाही.

४/ तिचे वर्ष उलट्या क्रमाने चालते. आधी फूल, मग पान. उन्हाळाभर कंद जमिनीत निजलेला असतो. पहिल्या सरींनी तो जागा होतो आणि साठवलेल्या शक्तीवर फुलाचा दांडा वर पाठवतो. दांडा उमलला की कुजकट वास सुटतो आणि त्या वासाने किडे परागीकरणासाठी येतात. फूल सरल्यावर छत्रीसारखे एकच चिरलेले पान येते. ते पावसाळाभर कंदाला पोसते आणि पाऊस ओसरला की वाळून जाते.

५/ खुडण्याची वेळ फार आखूड असते. दांडा वर आला आहे, पण आवरण उघडलेले नाही, एवढाच तो काळ. एका जागी जेमतेम दोन-तीन आठवडे. म्हणून शेवळाचा हंगाम कॅलेंडरावर लिहून ठेवता येत नाही, तो पावसाकडे पाहून ओळखावा लागतो. मृग नक्षत्र लागण्याच्या आगेमागे रानात कोणत्या कडेला, कोणत्या झाडाखाली जायचे, हे ज्यांना ठाऊक त्यांच्याच टोपलीत शेवळ येते.

६/ आणि ते तसेच शिजवून खाता येत नाही. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न शिजलेले शेवळ घशाला, जिभेला आणि हातांना जबरदस्त खाजवते. म्हणून हाताला तेल लावून ते सोलतात, दांड्याच्या खालचा पिवळा भाग काढून टाकतात, बारीक चिरतात आणि आंबट घालून भरपूर शिजवतात.

७/ हे आंबट म्हणजे अनेक ठिकाणी काकड. काकड हा पानझडी जंगलातील वृक्ष. त्याची आवळ्यासारखी छोटी, आंबट फळे नेमकी शेवळाच्याच दिवसांत हाताशी येतात. ठाणे-कल्याणच्या बाजारात आदिवासी स्त्रिया शेवळाच्या जुड्या विकायला बसतात, तेव्हा शेजारी काकडांचा वाटा मांडलेला असतो. काकड न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल. खाज आणि तिचा उतारा एकाच रानातून, एकाच आठवड्यात येतात.

८/ ही जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘सोबतीची झाडे’ हा शब्दप्रयोग आज बागकामात नवा वाटतो, पण इथे ती सोबत रानातही आहे आणि चुलीवरही आहे. काकडाचा वृक्ष उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, म्हणून वळवाचा पाऊस आणि ऊन थेट जमिनीवर पोहोचतात आणि कोंब वर येतो. पुढे वृक्षाला पालवी फुटते, आणि शेवळाच्या नाजूक पानाला हवी तशी विरळ सावली मिळते.

९/ आता इतिहासाकडे. अहमदनगर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे अवर्षणाचे पठार येते : पाथर्डी, कर्जत, जामखेड, बाजरी-ज्वारीची राने. जिल्ह्याची पावसाची सरासरी साधारण ५०० ते ६०० मिमीच्या आसपास. पण याच जिल्ह्यात कळसूबाई (१६४६ मीटर), हरिश्चंद्रगड आणि रतनगड आहेत. घाटमाथ्यावरच्या घाटघरला ५००० मिमीच्या घरात पाऊस पडतो आणि त्याला ‘नगरचे चेरापुंजी’ म्हणतात. एका जिल्ह्यात दोन ऋतुचक्रे नांदतात.

१०/ डांगाणात प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. उतारावर नागली, वरई, खुरासणी, खाचरात भात. दफ्तरात हा भाग उमटला तो बंडांच्या निमित्ताने. देवगावच्या राघोजी भांगरे यांचा इंग्रज आणि सावकार यांच्याविरुद्धचा लढा १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगातील त्यांच्या फाशीने संपला. या डोंगरांत लोक खातात काय, हा प्रश्न दफ्तराला पडायला आणखी तीस वर्षे लागली.

११/ नागली-भाताच्या प्रदेशात वर्षातील सर्वांत कठीण काळ कोणता? उन्हाळा नव्हे, त्यानंतरचा पावसाळा. मागल्या पिकाची कणगी ज्येष्ठ-आषाढात तळाला लागते. नवे पीक आश्विन-कार्तिकाशिवाय हाती येत नाही. आणि नेमक्या याच काळात राब, पेरणी, लावणी अशी सर्वांत कष्टाची कामे असतात. पोटात सर्वांत कमी आणि अंगावर सर्वांत जास्त, असे हे महिने.

१२/ रानभाज्या याच फटीत उगवतात. शेवळ या मालिकेतील अगदी पहिल्यांपैकी एक. त्यामागोमाग कुळू, टाकळा, कुर्डू, चाईचे कोंब, आणि पुढे रानकंद. ही भाजी धान्याची जागा घेत नाही, पण थोड्या भाकरीला पुरेसे कालवण देते आणि कणगी आठ-पंधरा दिवस लांबवते. म्हणजे शेवळ हे संकटकाळाचे अन्न नसून दर वर्षीच्या नियोजनाचा भाग होते. फक्त ते नियोजन कुठे लिहिलेले नव्हते.

१३/ १८७६ च्या परतीच्या पावसाने दगा दिला आणि दख्खनमध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. अहमदनगर जिल्हा त्यात होरपळला. याच काळात, १८७८ मध्ये, भारतीय वन कायदा आला. राखीव वन, संरक्षित वन, ग्रामवन असे वर्ग झाले. ज्या कडेवरून शेवळ खुडले जाई ती कडा आता कोणाची, हा प्रश्न त्या कायद्याने उभा केला. एका हाताने दुष्काळ-निवारण आणि दुसऱ्या हाताने रानाला कुंपण, असे हे दशक होते.

१४/ हे अंतर्विरोध त्याच काळात एका मराठी लेखकाने ओळखले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये जंगल खात्यावर कठोर टीका केली. थोडीशीच शेती असलेला शेतकरी पूर्वी आसपासच्या डोंगरांतील फळे खाऊन, पळस-मोहाची फुले-पाने आणि लाकूडफाटा विकून गुजराण करी. जंगल खात्याने तो आधारच काढून घेतला, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे.

१५/ फुले यांच्या या विचाराचे महत्त्व मोठे आहे. रानातील अन्न हा शेतीच्या अर्थव्यवस्थेचाच एक भाग आहे, असे ते सांगतात. सरकारी हिशेबात पेरलेली जमीन म्हणजे शेत आणि न पेरलेली म्हणजे जंगल किंवा पडीक. सारा आकारण्यासाठी ही विभागणी सोयीची होती. पण शेतकऱ्याचे ताट या दोन्ही रकान्यांतून भरत असे. एक रकाना बंद झाला की दुसऱ्यावरचा भार वाढतो, आणि मग सावकार दाराशी येतो.

१६/ घाटाखालच्या ठाणे-कुलाबा भागात राबासाठी लागणाऱ्या टहाळावरून आणि वनहक्कांवरून एवढा असंतोष झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन-आयोग नेमावा लागला. पुढे १८९२ मध्ये त्याच दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर नियंत्रण आणणारा ‘म्हौरा कायदा’ झाला. कारण अबकारी उत्पन्नाचे : मोहाची दारू. पण मोह हे अन्नही होते. खाण्याचे फूल कायद्याच्या कक्षेत कसे जाते, याचे हे ठळक उदाहरण.

१७/ शेवळाची दारू होत नाही, त्याला मोठी बाजारपेठ नव्हती, म्हणून त्याच्यासाठी वेगळा कायदा झाला नाही. ते कायद्यात आले नाही, यादीच्या जगात मात्र त्याच्या जातीच्या वनस्पती आल्या. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या आणि ‘लोक अन्नाविना काय खातात’ ही माहिती प्रशासनाला हवीशी वाटू लागली.

१८/ जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर निघत होते. अहमदनगरचा खंड (क्रमांक १७) १८८४ चा. वनस्पतींचा खंड (क्रमांक २५) १८८६ चा. त्यातील उपयुक्त वनस्पतींचा भाग डॉ. जे. सी. लिस्बोआ या गोमंतकीय वैद्य-वनस्पतिज्ञांचा. दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींना तिथे स्वतंत्र जागा मिळाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर १९०२ मध्ये जी. ए. गॅमी यांनी याच विषयावर मुंबई इलाख्यापुरते टिपण प्रसिद्ध केले.

१९/ या याद्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. स्थानिक नावे, खाण्याचा भाग, शिजवण्याची रीत अशी मौल्यवान माहिती त्यांनी टिपली आणि आजचे संशोधकही तिकडे वळतात. पण याद्यांची चौकट दुष्काळ ही होती. अधिकारी डोंगरात पोहोचला तो दुष्काळी कामाच्या वर्षी. त्या वर्षी जे ताटात दिसले ते ‘दुष्काळी’ ठरले. सुकाळाच्या ज्येष्ठात तेच ताट पाहायला कोणी आले नव्हते.

२०/ चौकटीचा परिणाम दूरगामी झाला. ‘दुष्काळी’ म्हणजे नाइलाजाचे, म्हणजे हलके, म्हणजे सोडून द्यावे असे. गंमत अशी की घाटाखाली, मुंबई-ठाण्याच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत हेच शेवळ वर्षातून एकदा मिळणारी मेजवानी होते. वाल, सोडे किंवा कोळंबी घालून केलेली शेवळाची भाजी तिथे कौतुकाची. एकच फूल, ज्याने खुडले त्याच्या घरी दारिद्र्याची खूण, ज्याने विकत घेतले त्याच्या घरी चोखंदळपणाची.

२१/ विसाव्या शतकाने डांगाणाचे पाणीही खाली नेले. रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या प्रवरेवर १९१० ते १९२६ या काळात भंडारदऱ्याचे धरण उभे राहिले. त्या पाण्यावर सखल भागात ऊस आला आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. जिल्ह्याचा आधुनिक इतिहास बहुधा इथून सांगितला जातो. धरणाच्या वरच्या अंगाला मात्र ज्येष्ठातली फट होती तशीच राहिली.

२२/ १९७२ च्या दुष्काळात सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे महाराष्ट्राच्या स्मृतीत कोरली गेली. त्यानंतर रोजगार हमी, स्वस्त धान्य दुकान आणि संकरित बियाणे यांनी उपासमारीची धार कमी केली. ही मोठी कमाई आहे. रानातील अन्नाचा इतिहास सांगताना भुकेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण धान्य मिळू लागले तसे कडेचे अन्न नजरेआड झाले, आणि त्यासोबत ते ओळखणारी नजरही.

२३/ अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे काम या पार्श्वभूमीवर पाहावे. शाळेत न गेलेल्या या महादेव कोळी शेतकरी स्त्रीने संकरित बियाणे आणि रासायनिक शेतीच्या अन्नाबद्दलच्या काळजीतून गावठी वाण जपायला सुरुवात केली. बायफ या संस्थेच्या साहाय्याने बीज-बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले. २०२० चा पद्मश्री पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

२४/ त्यांच्या संग्रहात वाल-घेवड्याचे कितीतरी वाण आहेत. त्यांच्या परसबागेचे तत्त्व जुनेच आहे : एका तुकड्यात एक पीक नाही. वेल मांडवावर, भाजी खाली, कंद जमिनीत, फळझाड कडेला. हे शास्त्र डांगाणातल्या अनेक घरांमागे होते. राहीबाईंनी ते नावारूपाला आणले.

२५/ पण शेवळ इथे एक अवघड प्रश्न विचारते. वालाचे बी राख लावून मडक्यात ठेवता येते. शेवळाचे तसे नाही. त्याचा कंद जमिनीत राहिला आणि त्याला दर वर्षी पान धरता आले, तरच तो टिकतो. शिवाय खाल्ला जातो तो फुलाचा कळा. प्रत्येक दांडा खुडला तर बी धरत नाही आणि नवी रोपे येत नाहीत. जुना कंद वर्षानुवर्षे कोंब देत राहतो, म्हणून ऱ्हास चटकन दिसतही नाही. शेवळाची बँक म्हणजे खुद्द शेताचा बांध.

२६/ बांधावर किंवा परसात शेवळ राखायचे तर रानाचीच नक्कल करावी लागते. पानझडी झाडाखालची, पाणी न साचणारी, पालापाचोळ्याने झाकलेली जागा. उन्हाळ्यात, कंद निजलेला असताना लागवड. वर काकड असेल तर उत्तम, कारण चुलीचीही सोय होते. कुंपणावर घेवडा किंवा दोडका, अर्धसावलीत हळद, शेजारी सुरण. कोकणातील नारळ-पोफळीच्या बागांत सुरण याच न्यायाने आंतरपीक म्हणून घेतले जाते.

२७/ नियम तीन. दांडा कापावा, कंद उपटू नये. काही दांडे उमलून फळायला सोडावेत. पान येईल ते मुळीच तोडू नये, कारण पुढच्या ज्येष्ठाची शिदोरी तेच भरते. चौथा नियम खाणाऱ्यासाठी : जाणत्या व्यक्तीने ओळख पटवल्याशिवाय रानातील कोणताही कोंब शिजवू नये, आणि शेवळ कधीही कच्चे चाखू नये.

२८/ कायदाही आता काहीसा बदलला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासी समाजांचा हक्क मान्य केला, आणि त्या व्याख्येत मुळे-कंदांचा स्पष्ट उल्लेख आहे. १८७८ मध्ये जे सवलत म्हणून उरले होते ते कागदावर तरी हक्क झाले. गेल्या काही वर्षांत कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरू लागले आहेत. ‘दुष्काळी’ हा शिक्का पुसून ‘पौष्टिक’ हा नवा शिक्का उमटतो आहे.

२९/ नवा शिक्का अधिक सन्मानाचा आहे, पण त्यातही जुना धोका आहे. शहराची मागणी वाढली आणि बांध, कडा, झाडोरा राहिला नाही, तर खुडणे वाढेल आणि कंद संपतील. जुन्या यादीने वनस्पती टिपली, पण तिचा महिना, तिची सोबतीण आणि तिला ओळखणारी स्त्री वगळली. महोत्सवाच्या फलकावरही नाव आणि गुणधर्मच लिहिले गेले, तर तीच चूक पुन्हा होईल.

३०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी शेवळ एक साधी सवय लावून जाते. दफ्तरातील कोणतीही यादी वाचताना विचारावे : ही कोणत्या वर्षी केली, कोणत्या महिन्यात, आणि कोणाला विचारून? अकोल्याच्या डांगाणात याचे उत्तर देऊ शकणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांच्याकडे तारीख नसेल. कोणत्या पावसानंतर, कोणत्या झाडाखाली आणि कशासोबत, हे मात्र त्या अचूक सांगतील. ते लिहून घेण्याचे काम बाकी आहे.

(धागा समाप्त)